‘स्वयंभू’ या बिरुदाचा हिशेब

गेल्या महिन्यात येथील सदर भागातील एका लहानशा सभागृहात एका तरुण पियानोवादकाचे वादन ऐकण्याचा योग आम्हांस आला. वादन मोजक्या स्वरांचे, संथ आणि स्वतः रचलेले होते. त्यातील दोन रचना आम्हांस मनापासून आवडल्या, हे आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे पुढील टीकेचा रोख त्या तरुणाकडे आहे असा गैरसमज कोणाचाही व्हावयाचा नाही. आमची तक्रार आहे ती वादनानंतर झालेल्या भाषणाविषयी. अध्यक्षस्थानी असलेल्या गृहस्थांनी मोठ्या आवेशाने सांगितले की, या मुलास कोणी शिकविले नाही, याच्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही, हा सर्वस्वी स्वयंभू कलावंत आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरल्यावर तो तरुण आभार मानण्यास उठला आणि त्याने तिघांचा उल्लेख केला. पहाटे पेटीवर भजने म्हणणारी आजी. दुपारच्या रिकाम्या चर्चमध्ये आपल्या ऑर्गनवर त्यास बसू देणारे एक वृद्ध वादक. आणि आपला जुना पियानो दोन वर्षे बिनभाड्याने वापरू देणारे एक शेजारी. सभेने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले. परंतु जिना उतरताना ज्याच्या त्याच्या तोंडी शब्द होता तो ‘स्वयंभू’ हाच! ज्याचा सत्कार झाला त्याची साक्ष खोटी ठरली, आणि ज्यांनी सत्कार केला त्यांची खरी.

या शब्दाचा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे असे त्या रात्री आम्हांस वाटले. ‘स्वयंभू’ हे विशेषण आपण मूळचे देवास लावतो. टाकीचा घाव न लागता जमिनीतून वर आलेली मूर्ती ती स्वयंभू. पण अशा मूर्तीलाही कोणीतरी शेंदूर लावतो, कोणीतरी छप्पर घालतो, कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या दिवा लावतो. तेव्हा कोठे तिचे क्षेत्र होते. देवाची ही कथा, तर मनुष्याची काय सांगावी! संगीतासारखी विद्या, जी कानावाटे आत शिरते आणि दुसऱ्याच्या कंठातून किंवा बोटांतूनच निघालेली असते, ती एखाद्यास कोणावाचून आली असे म्हणणे म्हणजे त्या विद्येचे स्वरूपच न जाणणे होय. आमचे म्हणणे एवढेच नाही. आमचे म्हणणे असे की, हा शब्द आपण कलावंताच्या गौरवासाठी वापरीत नसून आपल्या सुटकेसाठी वापरतो. त्यास कोणी शिकविले नाही याची आपणांस लाज वाटावयास हवी होती. तिच्याऐवजी आपण त्या गोष्टीचा अभिमान धरून बसलो आहोत.

महाराष्ट्रात पट्ट्यांच्या वाद्यावर स्वतःच्या बळावर मोठा झालेला वादक व संगीतकार कोण, असा प्रश्न केल्यास पहिले नाव गोविंदराव टेंबे यांचेच घ्यावे लागेल. १८८१ साली कोल्हापूरनजीक सांगवडे येथे जन्मलेल्या या गृहस्थांस पेटी शिकविणारा असा गुरू रीतसर लाभला नाही. ऐकून ऐकून त्यांची बोटे तयार झाली. पुढे १९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले तेव्हा त्यातील पदांस चाली दिल्या त्या त्यांनीच. उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या वळणाचे संगीत मराठी नाटकाच्या अंगणात त्यांनी असे काही नांदविले की, शंभरांहून अधिक वर्षे लोटली तरी त्या चाली महाराष्ट्राच्या कानातून गेलेल्या नाहीत. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली तीत बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्या जोडीचे तिसरे भागीदार तेच होते. आणि १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट निघाला त्यात हरिश्चंद्राची भूमिका त्यांची व संगीतही त्यांचेच. पेटीच्या एका भात्यातून निघून येथवर येऊन पोहोचलेल्या या पुरुषास स्वयंभू म्हणण्याचा मोह कोणास होणार नाही?

परंतु प्रत्यक्ष टेंबे काय म्हणत? ते भास्करबुवा बखले यांस गुरू मानीत. बुवांनी त्यांस पेटी शिकविली नाही, कारण बुवा गवई होते. पण बुवांच्या गायनाला साथ करता करता स्वर कोठे लावावा, कोठे आवरावा आणि कोठे गप्प बसावे हे टेंब्यांस कळले. याहून निराळे ते शिक्षण कोणते असते? उतारवयात त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र लिहिले. स्वतःस स्वयंभू समजणारा मनुष्य आपल्या आयुष्याची संध्याकाळ दुसऱ्याच्या चरित्रासाठी खर्च करीत नसतो. आणि ज्या कोल्हापुरात त्यांचे कान घडले ते कोल्हापूर तरी कसे होते? शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसारख्या गवयास दरबारी आश्रय दिला होता, आणि देवल क्लबासारख्या संस्थेत गाणेबजावणे ऐकावयास मिळत होते. म्हणजे शिकविणारा नसला तरी ऐकविणारे गाव होते. त्या गावास वजा करून टेंब्यांच्या कर्तृत्वाची बेरीज करावयास बसले तर ती चुकल्यावाचून राहणार नाही.

आता दुसरा प्रश्न असा की, पेटी शिकविणारा गुरू का नव्हता? बुद्धिमान माणसांची वाण होती म्हणून काय? मुळीच नाही. गाण्यास गुरू होते, बीनेस होते, पखवाजास होते. नव्हते ते या परक्या पेटीस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सातून निघालेले हे वाद्य कलकत्त्याच्या कारागिरांनी पायभात्यावरून हातभात्यावर आणले, नाटक मंडळ्यांनी ते उचलले, कीर्तनकारांनी उचलले, घराघरांत ते शिरले. तरी विद्वानांच्या पंक्तीत त्याचे पान मांडले गेले नाही. उलट १ मार्च १९४० पासून अखिल भारतीय नभोवाणीने त्यावर बंदीच घातली. त्या काळचे नभोवाणीचे नियंत्रक लायनेल फील्डेन हे इंग्रज. पेटीच्या विरोधात लेखणी चालविणारे जॉन फोल्ड्स हेही इंग्रज. आणि त्यांस दुजोरा देणारे रवींद्रनाथ ठाकुरांसारखे आपलेही थोर पुरुष होते. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ होता असे आम्ही म्हणत नाही. पेटीच्या पट्ट्या सम अंतरावर बसविलेल्या, तीत मींड नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद नाहीत, हे खरेच आहे. परंतु ज्या वाद्यात उणीव आहे ते वाजविणाऱ्यास अधिक चांगले शिकविले पाहिजे, की त्यास दाराबाहेर उभे केले पाहिजे? आपण दुसरा मार्ग पत्करला.

याची झळ आमच्या नागपुरास कशी लागली पाहा. १९४८ साली येथे नभोवाणीचे केंद्र सुरू झाले तेव्हा ही बंदी आठ वर्षांची झाली होती. गाणाऱ्या मुलाची स्थिती या शहरात बरी होती. वसंतराव देशपांड्यांसारख्या मुलास शंकरराव सप्रे यांच्यासारखे गुरू येथेच भेटले. परंतु त्याच नागपुरात १९२९ साली जन्मलेले मनोहर चिमोटे यांनी पेटी हातात घेतली, आणि ज्या वयात वादकाने लोकांपुढे यावे त्या वयात त्यांच्या गावच्या नभोवाणीस त्यांचे वाद्यच वर्ज्य होते! इंग्रज गेले, पण बंदी राहिली. ती सैल होण्यास सत्तरचे दशक उजाडावे लागले. चिमोट्यांनी पंडित भीष्मदेव वेदी यांचे शिष्यत्व पत्करले, मुंबई ही कर्मभूमी केली, पेटीस स्वरमंडळाची जोड दिली, तिला ‘संवादिनी’ असे सुरेख नाव दिले, आणि साथीच्या कोपऱ्यात बसलेल्या वाद्यास एकलवादनाच्या गादीवर आणून बसविले. २०१२ साली ते निवर्तले. असा पुरुष आपण स्वयंभू म्हणून मिरवावा आणि त्याने मात्र गुरूचे नाव घ्यावे, यात कोण प्रामाणिक हे वाचकांनीच ठरवावे. आमच्या मते त्यांच्या चरित्रात कोणास अभिमान वाटण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु ज्या समाजाने त्यांच्या वाद्यास तीस वर्षे दाराबाहेर ठेविले त्याने तो अभिमान जरा जपूनच मिरवावा.

अशा चर्चेत कोणीतरी एकलव्याचा दाखला हटकून देतो. आम्हांसही तो दाखला मान्य आहे, मात्र तो पुरता द्यावा. एकलव्य आपण होऊन वनात गेला नाही. त्यास विद्या नाकारण्यात आली म्हणून गेला. वनात गेल्यावरही त्याने आपण स्वयंभू आहो असा डंका पिटला नाही. मातीची का होईना, गुरूची मूर्ती घडविली. आणि त्याची विद्या फळास आली तेव्हा ज्यांनी शिकविले नव्हते तेच दक्षिणा मागावयास आले, आणि मागितला तो अंगठा! नाकारणारे आपण, आणि शेवटी टाळ्या वाजवून त्या यशात वाटा मागणारेही आपणच.

अंगठ्याची गोष्ट निघालीच आहे तर ती पियानोसही फार जवळून लागू पडते. गुरूवाचून शिकणाऱ्याच्या बोटांत पहिली उणीव राहते ती अंगठ्याची. चार बोटे आपोआप पळू लागतात. अंगठा बिचारा पट्ट्यांच्या बाहेर लोंबकळतो. इतर बोटांखालून अंगठा सरकवून हात पुढे न्यावयाचा ही युक्ती सांगितल्यावाचून सुचत नाही. सुचली तरी चुकीच्या सवयी मुरल्यावर सुचते. युरोपातदेखील ती सर्वांस ठाऊक होती असे नाही. १७५३ साली बर्लिनमध्ये कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख याने आपला वादनविषयक ग्रंथ छापला त्यात अंगठ्यास बोटांत अग्रस्थान दिले, आणि आपल्या वडिलांच्या तरुणपणी मोठमोठे वादकही तो क्वचितच वापरीत असे लिहून ठेविले. एवढ्या थोर वादकांस जे आपोआप साधले नाही ते सदरमधील चौदा वर्षांच्या पोराने एकट्याने शोधून काढावे, अशी आपली अपेक्षा! त्याला ते शोधण्यास पाच वर्षे लागली तर आपण त्या पाच वर्षांस ‘साधना’ म्हणतो. पंधरा दिवसांत जे कोणी सांगू शकला असता त्यासाठी गेलेली पाच वर्षे म्हणजे साधना नसून नासाडी होय.

आता त्या मोजक्या स्वरांकडे वळू. इंग्रजीत ज्यास मिनिमलिझम म्हणतात, व ज्यास आम्ही अल्पस्वरवाद म्हणू, त्या पद्धतीचे आकर्षण आजच्या तरुण वादकांस फार आहे. डाव्या हाताने चार स्वरसंगती फिरत ठेवावयाच्या आणि उजव्या हाताने पाचसहा स्वरांची ओळ पुनःपुन्हा म्हणावयाची, एवढ्यावर तासाचा कार्यक्रम उभा राहतो. अध्यक्षांनी त्या रात्री असेही सूचित केले की, ही पद्धत शिक्षणाच्या जोखडातून मुक्त आहे, म्हणूनच ती स्वयंभू प्रतिभेस मानवते. या विधानास इतिहासात आधार नाही. या पंथाचा पूर्वज म्हणून ज्याचे नाव घेतात तो एरिक साती पॅरिसच्या सरकारी संगीतशाळेतून आळशी ठरून बाहेर पडला, माँमार्त्रच्या पानगृहांतून पियानो वाजवून पोट भरू लागला, आणि १८८८ साली त्याने आपल्या त्या तीन सुप्रसिद्ध ‘जिम्नोपेदी’ लिहिल्या. येथवरची कथा आपल्या अध्यक्षांस फारच आवडेल. परंतु पुढची? १९०५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तोच साती स्कोला कॅन्टोरम या शाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसून स्वरांच्या परस्पर बांधणीचे शास्त्र रीतसर शिकला. अल्पता ज्यास साधली होती त्यालाच आपल्या अल्पतेचा पाया तपासून पाहण्याची गरज वाटली.

अमेरिकेतील टेरी रायली याची हकीगत तर आपल्या अधिकच जवळची आहे. हा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मद्यगृहात पियानो वाजवून उदरनिर्वाह करी. १९६४ साली त्याने त्रेपन्न छोट्या स्वरवाक्यांची ‘इन सी’ ही रचना केली आणि या पंथाचे निशाण रोवले. कीर्ती हाती आल्यावर त्याने काय करावे? १९७० साली किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ अमेरिकेस गेले तेव्हा त्यांच्यापुढे तो शिष्य म्हणून बसला, आणि १९९६ साली गुरू निवर्तले तोपर्यंत शिष्यच राहिला. त्याचा सहाध्यायी ला माँट यंग यानेही त्याच गुरूचे शिष्यत्व पत्करले. फिलिप ग्लास हा रीतसर शाळांतून शिकलेला. तरी १९६५ च्या सुमारास पॅरिसमध्ये एका चित्रपटासाठी पंडित रविशंकरांचे संगीत लिपिबद्ध करताना लयीच्या बांधणीविषयी आपले डोळे उघडले असे त्याने सांगितले आहे. पुढे चाळिशी गाठेपर्यंत तो न्यूयॉर्कमध्ये नळ जोडण्याची कामे करी व टॅक्सी हाकी. त्याच्याही चरित्रात कष्टास तोटा नाही, पण गुरूंचाही तोटा नाही.

ज्या किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ मिरजेस राहिले, ज्यांची शिष्यशाखा महाराष्ट्रात व कर्नाटकात बहरली, त्याच घराण्याच्या गायकापुढे साता समुद्रांपलीकडचे अल्पस्वरवादी पियानोवादक मांडी घालून बसतात. आणि आपण आपल्या मुलास सांगतो की तुला गुरूचे काय काम! खाँसाहेबांच्या गाण्यात तरी काय होते? एका षड्जावर, एका गंधारावर ठरणे होते. परंतु त्या ठरण्यामागे, जे म्हटले नाही त्याचे सारे ज्ञान उभे होते. ज्याच्या घरात धान्याची कणगी भरलेली आहे त्याने एकादशी केली तर ती एकादशी. ज्याच्या घरात दाणा नाही त्याची ती उपासमार. दोन्हीत ताट रिकामेच दिसते. श्रोत्यास हा भेद कळावा अशी अपेक्षा फार नाही, पण अध्यक्षांस तरी कळावा.

कोणी म्हणेल, शिक्षणाने प्रतिभा मरते; शाळांनी कितीतरी कलावंत एकाच साच्यातून काढले आहेत. हे आम्ही नाकारीत नाही. वाईट शिक्षक प्रतिभेचा नाश करतो, तसा वाईट वैद्य रोग्याचा करतो. म्हणून गावात वैद्यच नसावा असे कोणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. ज्यांस गुरू परवडत नाही, त्यांच्या एकाकी श्रमांस हा लेख कमीपणा आणतो असे कोणास वाटेल. तसे आमच्या मनात अजिबात नाही. त्या श्रमांपुढे आमचे मस्तक नम्र आहे, आणि म्हणूनच ते श्रम कोणामुळे दुप्पट झाले हे विचारण्याचा हट्ट आम्ही धरतो. तिसरे कोणी म्हणेल, आता गुरूची गरजच उरली नाही, हातातील यंत्रावर हव्या त्या धड्यांच्या चित्रफिती मिळतात. मिळतात खऱ्या, पण त्या चित्रफितीतही कोणीतरी मनुष्यच शिकवीत असतो. तो दूर असतो व त्यास दक्षिणा पोहोचत नाही, एवढ्याने तो नाहीसा होत नाही. शिवाय तो या मुलाचा अंगठा पाहू शकत नाही.

आता सदरकडे परत येऊ. जुन्या छावणीचा हा भाग. येथे चर्चे आहेत, मिशनांनी काढलेल्या शाळा आहेत. ज्या घरांत आता कोणी वाजवीत नाही अशा घरांतून झाकण लावून ठेवलेले पियानो आम्ही पाहिले आहेत; त्यांवर छायाचित्रे आणि फुलदाण्या मांडलेल्या असतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्यांच्या तारा ढिल्या पडतात, लाकूड तडकते, आणि सूर लावणारा माणूस दूरच्या शहरातून बोलवावा लागतो म्हणून कोणी बोलवीत नाही. नागपुरातील मराठी मध्यमवर्गाची स्थिती याहून निराळी नाही. मुलाच्या वाढदिवसास आपण विजेवर चालणारा कळफलक आणून देतो. त्या किंमतीत कित्येक महिन्यांची शिकवणी झाली असती, पण वस्तूस पैसा देताना जो हात सढळ असतो तो विद्येस देताना आखडतो. मग त्या मुलाने स्वतःच काही शिकून दाखविले की आपण म्हणतो, पाहा, कोणी शिकविले नाही तरी! या ‘तरी’मध्ये आपला सारा अपराध दडलेला आहे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. ज्या शाळांत वा चर्चांत पियानो अथवा ऑर्गन आहे त्यांनी तो आठवड्यातून दोन संध्याकाळी परिसरातील मुलांसाठी उघडा ठेवावा. ज्यांच्या दिवाणखान्यात तो फुलदाणीखाली झोपला आहे त्यांनी वर्षातून एकदा त्याचा सूर लावून घ्यावा आणि शेजारच्या पोरास बोलवावे. संगीत मंडळांनी कार्यक्रमपत्रिकेवर वादकाच्या नावाखाली त्यास शिकविणाऱ्यांची व ऐकविणाऱ्यांची नावे छापावी. ओळभर शाई लागेल, अधिक नाही. पेटी आणि पियानो शिकविणाऱ्यांस गाणे शिकविणाऱ्यांइतकेच मानधन व तितकाच मान मिळावा. आणि अध्यक्षमहाशयांनी, पुढे कोणास स्वयंभू म्हणण्याचा मोह झालाच तर, तो शब्द उच्चारण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा: हा मुलगा शिकत होता तेव्हा मी याच शहरात होतो, मी काय करीत होतो?

त्या तरुणाने त्या रात्री घेतलेल्या तीन उल्लेखांपैकी एकही मनुष्य सभेस हजर नव्हता. आजी निवर्तल्या होत्या. चर्चमधील वृद्ध वादकांस रात्री दिसत नाही. शेजारी कोठे बदलून गेले ते त्यासही ठाऊक नव्हते. पहिल्या रांगेत बसलो होतो ते आम्ही. ज्यांनी त्यास काहीच दिले नव्हते, आणि ज्यांच्या टाळ्या सर्वांत मोठ्या होत्या.